कोणत्या उजेडात?

दिवाळी जवळ आली की आमच्या आळीतली मुले माझ्याकडे माती मागायला येतात. माझ्या परसातली माती चिकण आहे आणि किल्ल्याला तिच्यासारखी दुसरी नाही, असा तिचा लौकिक आहे. मुलांना माती द्यावी, बुरूज कुठे शोभेल याविषयी दोन शब्द सांगावेत आणि घरात यावे, हे माझ्या वयाला साजेसे वर्तन. पण खरे सांगायचे तर किल्ला होताना पाहून माझेच हात शिवशिवू लागतात. सेहेचाळीस वर्षांच्या शाळामास्तराने अंगणात उकिडवे बसून मावळे मांडणे बरे दिसत नाही; म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक पळवाट काढली. किल्ल्याऐवजी आगगाडी करायला घेतली. ती माडीवर, दार लोटून करता येते.

मूळ ठिणगी पडली ती पुण्यात. कोथरूडला जोशींचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झाले. शाळेची सहल घेऊन मी तिथे गेलो होतो. इवल्या गाड्या धावू लागल्या तेव्हा मुलांनी अपेक्षेप्रमाणे गिल्ला केला. पण खोलीतला उजेड कमी झाला आणि त्या चिमुकल्या गावात दिवे लागले, तेव्हा ती सारी पलटण एकाएकी गप्प झाली. मुलांना गप्प करण्यात माझी वीस वर्षे खर्ची पडली आहेत. तेच काम मोहरीएवढ्या दिव्यांनी क्षणात केलेले पाहून मला त्यांचा हेवा वाटला.

मी जी गाडी करायला घेतली, ती मात्र पुण्याची नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची एक गाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूरला, लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. आषाढीच्या दिवसांत तिच्या टपावरसुद्धा वारकरी बसत. त्या मार्गावर, पंढरपूर आणि मिरज यांच्यामधल्या एका लहानशा स्टेशनात माझे वडील सांधेवाले होते. आता ते अरुंद रूळ राहिले नाहीत. मार्ग रुंद झाला, आणि आमच्या स्टेशनची जुनी इमारतही त्याबरोबर गेली. ती मला परत हवी होती.

हिशेब सोपा असतो. एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण धरले, की ७६२ मिलिमीटरचा रूळ पावणेनऊ मिलिमीटरचा होतो आणि बाजारात मिळणारे नऊ मिलिमीटरचे रूळ त्याला चालून जातात. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद फळीवर मी स्टेशन उभे केले. पुठ्ठ्याची इमारत, तारेचे कडुलिंब, विटकरी तांबड्या रंगाचे चार डबे, आणि फलाटावर निळ्या सदऱ्यातले, हातात बत्ती घेतलेले तात्या. तात्या म्हणजे माझे वडील. या प्रमाणात त्यांची उंची दोन सेंटिमीटरही भरत नाही. हयातीत त्यांची मला एवढी भीती वाटे, की ते माझ्या चिमटीत मावतात हे पाहून मी पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो.

सगळे झाले, आणि मग उजेडाचा प्रश्न आला. तोवर मला वाटत होते की अवघड भाग संपला. गाव वसवणे सोपे असते. त्याच्यावर उजेड कोणता पाडावा हे ठरवणे कठीण, हे मला तेव्हा कळले.

माझ्या थोरल्या भावाचे मिरजेला विजेच्या सामानाचे दुकान आहे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो येताना दोन रिळे घेऊन आला. एलईडीची पट्टी आता बहुतेकांनी पाहिलेली असते. बोटाच्या रुंदीची, पाठीला चिकट, बारा व्होल्टवर चालणारी. मीटरला साठ दाणे आणि दर तीन दाण्यांवर कात्री लावायची खूण. पहिल्या दिवशी मी ती फळीच्या पुढच्या कडेला, अगदी खाली चिकटवली, आणि बटण दाबताच कडुलिंबाची सावली थेट आभाळावर पडली. मागच्या भिंतीवर मी मोठ्या हौसेने श्रावणातले ढग रंगवले होते. त्या ढगांवरून आगगाडीची काळी सावली धावू लागली. दादा पोट धरून हसला. मग पट्टी उंचावर, पण पाहणाऱ्याच्या बाजूला, एका आडव्या फळीआड लावली. सावल्या जमिनीवर आल्या आणि आभाळ मोकळे झाले. तरीही प्रत्येक पानाला दहा-दहा सावल्या होत्या. तसे होणारच. आपल्या जगावर सूर्य एक आहे. माझ्या स्टेशनावर एकशे चव्वेचाळीस उगवले होते. दादाने पट्टीवर दुधी झाकण बसवले, तेव्हा ते सगळे सूर्य एकमेकांत विरघळले.

इथवर सारे मजेत चालले होते. वाद पेटला तो रंगावरून.

दादाच्या एका रिळावर ६५०० हा आकडा होता, दुसऱ्यावर ३०००. हे उजेडाच्या रंगाचे माप. लोहाराच्या भात्यात लोखंड आधी तांबडे, मग पिवळे आणि शेवटी पांढरे होते. त्या तापमानावरून हे आकडे ठरले आहेत. मौजेची गोष्ट अशी, की आकडा जितका मोठा, म्हणजे जितका ताप अधिक, तितका उजेड निळसर होतो आणि त्याला आपण 'थंड' म्हणतो. आकडा लहान असला की तो पिवळसर दिसतो आणि त्याला आपण 'उबदार' म्हणतो. अनुभव आणि शास्त्र यांची अशी फारकत पाहिली की मॅट्रिकपुढे भौतिकशास्त्राच्या वाटेला गेलो नाही याचे मला फारसे दुःख होत नाही.

आधी थंड पट्टी लावली. स्टेशन उघडे पडल्यासारखे दिसले. पुठ्ठ्याचे जोड, डिंकाचे डाग, सगळे वर आले. "हे असंच होतं," दादा म्हणाला. "भकास. जे होतं ते दिसू दे."

मग पिवळी लावली. फलाटावर एकदम संध्याकाळ झाली. भिंती मऊ झाल्या आणि कडुलिंबाखाली कोणीतरी आपली वाट पाहत असावे असे वाटू लागले. मला ती फार आवडली. दादा थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "तुझ्या कादंबरीसारखं दिसतंय."

हे बोलणे पट्टीविषयी नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होते. दहा वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. तिच्यात एक सांधेवाला आहे. तो पावसात भिजतो, पोराला खांद्यावर बसवून रुळांच्या कडेने चालतो, कुणावर आवाज चढवत नाही. वाचकांची पत्रे आली. आईने ती चष्मा लावून, बोट ठेवून, आठ दिवसांत वाचली आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. पण हा माणूस कोण?" दादाने ती वाचलीच नाही. मी खांद्यावर बसलो होतो ही गोष्ट खोटी नाही. परंतु त्याच तात्यांच्या हातचा पट्टा खाऊन दादा सोळाव्या वर्षी घर सोडून गेला होता, हेही खोटे नाही. कादंबरीत थोरला मुलगा नाही. त्याला मी जन्मालाच घातले नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मेलेल्या माणसाला कोणत्या उजेडात पाहावे? आपल्याला सोसवेल अशा, की आपल्याला बोचेल अशा? आपल्यात एक समजूत खोल रुजलेली आहे. जे झोंबते ते खरे, जे गोड वाटते ते खोटे, असे आपण धरून चालतो. 'मी स्पष्टवक्ता आहे' असे म्हणणारा मनुष्य पुढे काहीतरी कटू बोलणार हे आपण ओळखतो; स्पष्टपणे कुणाची स्तुती करायला कोणी स्पष्टवक्ता होत नाही. उलट कोणी कुणाविषयी दयेने बोलला की तो काहीतरी झाकतो आहे, असा आपल्याला संशय येतो. दादाचा पक्ष हाच होता. आणि माझ्या मनात मीही त्याच पक्षाचा होतो. म्हणूनच त्याच्या एका वाक्याने मी एवढा ओशाळलो.

पण हा पक्ष बरोबर आहे का? साडी घ्यायला गेलेली बाई दुकानदाराला म्हणते, "जरा उजेडात दाखवा." दुकानातल्या झगमगाटावर तिचा विश्वास नसतो, ती साडी दाराशी नेते, बाहेरच्या उजेडात तिचा पोत आणि रंग बघते. या बाईला कोणी भोळी म्हणणार नाही. तिला कमी उजेड नको असतो आणि जास्तही नको असतो. कोणताही धागा आपल्यापासून लपवणार नाही असा उजेड तिला हवा असतो. तो सकाळचा आहे की कलत्या उन्हाचा, याची ती फारशी फिकीर करत नाही.

सकाळी ही गोष्ट मी दादाला सांगितली. तो काही बोलला नाही. त्याने पुन्हा थंड पट्टी पेटवली, एक डबा उचलला, खिडकीशी नेऊन पाहिला, परत पट्टीखाली धरला. असे दोन-तीनदा केले. दादा माझ्यासारखा शब्दांचा माणूस नाही, पण मालाच्या बाबतीत तो स्वतःलाही फसवत नाही.

"ह्यात तांबडा मेलाय," तो म्हणाला. "खिडकीत बघ, हा विटकरी आहे. हिच्याखाली चिखल."

मग पिवळीखाली तात्यांना धरले. त्यांचा निळा सदरा राखेच्या रंगाचा दिसत होता. माझी लाडकी संध्याकाळही धुतल्या तांदळाची नव्हती.

तेव्हा दादाने मला दुसऱ्या एका आकड्याची गोष्ट सांगितली. चांगल्या पट्टीच्या खोक्यावर तो छापलेला असतो. आमच्या दोन्ही रिळांवर नव्हता. त्याला सी.आर.आय. म्हणतात. आपण त्याला रंगनिष्ठा म्हणू. उजेडाखाली ठरावीक आठ रंगांचे नमुने धरतात. ते त्याच जातीच्या आदर्श उजेडात जसे दिसतील तसे दिसतात की नाही हे तपासतात, आणि सरासरी काढून शंभरापैकी गुण देतात. यातली 'त्याच जातीच्या' ही अट मला फार न्यायाची वाटली. पिवळ्या उजेडाची परीक्षा पिवळ्याशी तुलना करून घेतात. तू दुपारसारखा पांढरा का नाहीस, असे त्याला कोणी विचारत नाही. पण तुझ्या संध्याकाळीत सगळे रंग आहेत की नाहीत, हे मात्र विचारतात.

म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी होत. उजेड उबदार की थंड हा एक प्रश्न. तो खरा की खोटा हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही. आमची थंड पट्टी कठोर होती आणि तरी खोटी होती. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा लेप देऊन त्याला पांढरा करतात. तो मूळ निळा दिवा बनवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण लेप स्वस्तातला असला की गडद तांबडा त्यातून नीट उमटत नाही. डोळ्यांना तो उजेड झगझगीत वाटतो, त्यामुळे त्यात काही कमी असेल अशी शंकासुद्धा येत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून मी चपापलो. त्या ठरावीक आठ रंगांमध्ये गडद तांबडा नाहीच. ते आठही सौम्य रंग आहेत. गडद तांबड्याचा गुण वेगळा मोजावा लागतो. त्यामुळे सरासरीत बरे गुण मिळवणारा उजेडही माणसाच्या कातडीला प्रेतकळा आणू शकतो, कारण आपल्या कातडीत रक्ताचा तांबडा असतो. मी मास्तर आहे. गुणपत्रके आणि सरासरी यांवर माझे पोट चालते. एका वर्षी रोज उशिरा येणाऱ्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी 'निष्काळजी' असे लिहिले होते. ते खोटे नव्हते. हजेरीपट माझ्या बाजूला होता. तो पहाटे चारला उठून घरोघर दूध घालतो, हे मला पुढच्या वर्षी कळले. मी पाहत होतो त्या आठ रंगांत तो रंग नव्हता. आपण कठोर आहोत म्हणजे खरे आहोत, अशी माझी त्या दिवशी खात्री होती.

माझ्या कादंबरीचा दोषही मग मला नीट दिसला. ती मवाळ होती हे तिचे पाप नव्हे. तिच्यात एक रंग मी मुद्दाम वगळला होता, आणि तो रंग माझा सख्खा भाऊ होता.

पुढच्या आठवड्यात दादाने तिसरे रीळ आणले. महाग होते. त्यावर ३००० आणि ९५ असे दोन्ही आकडे होते, आणि तांबड्याचा गुणही वेगळा छापला होता. ते लावले. संध्याकाळ तीच होती, मऊपणा तोच होता. पण डबे विटकरी झाले, तात्यांचा सदरा पुन्हा निळा झाला. आणि पहिल्या पट्टीने उघडे पाडलेले डिंकाचे डागही तिथेच होते. ते लपले नव्हते. फक्त आता डोळा सगळ्यात आधी त्यांच्याकडेच जात नव्हता.

दादा पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग त्याने तात्यांना चिमटीत उचलले आणि फलाटावरून काढून पार दुसऱ्या टोकाला, सांध्याच्या खटक्याजवळ एकटे उभे केले. "ते इथं असायचे," तो म्हणाला. "फलाटावर स्टेशनमास्तर उभा राहायचा. मी डबा घेऊन यायचो ना, मला ठाऊक आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "अर्धी भाकरी माघारी द्यायचे. वाटेत खा म्हणायचे." हे मी कधी ऐकले नव्हते. आईनेही ऐकले नसावे.

आता मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती मी त्याला चाळीस वर्षे सांगितली नव्हती.

आमच्या घरी तात्यांच्या जुन्या हातबत्तीची एक फुटकी काच होती. मी सहा वर्षांचा असेन. दादा ती उन्हात धरून म्हणाला, "ही निळी आहे." तात्या म्हणाले, "हिरवी." दादाने पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "निळीच आहे." तिसऱ्या खेपेला तात्यांनी त्याच्या थोबाडीत दिली. दादाने डोळ्यांतून पाणी काढले नाही, पण आपले म्हणणेही सोडले नाही. घरात ती काच म्हणजे तात्यांच्या हट्टीपणाचा दाखला होऊन बसली. पण त्याच रात्री तात्यांनी मला जवळ घेतले, पेटत्या कंदिलापुढे ती काच धरली आणि म्हणाले, "बघ." ती हिरवीगार होती. रॉकेलची ज्योत पिवळी असते. म्हणून बत्तीतली हिरव्या खुणेची काच निळसरच करत. पिवळ्या उजेडात मिसळून तो निळा हिरवा होई, आणि ड्रायव्हरला दिसायचा तो हिरवाच. तात्यांचे म्हणणे खरे होते. दादाचेही खरे होते. तात्यांनी तेच सत्य एका मुलाला थोबाडीत मारून सांगितले आणि दुसऱ्याला कंदील धरून दाखवले. आणि ज्याला दिसले तो मी, गप्प बसलो. आधी लहान होतो म्हणून, मग सांगण्यासारखे विशेष काय आहे म्हणून, आणि शेवटी उशीर झाला म्हणून.

काच माझ्या टेबलाच्या खणात होती. ती मी दादाच्या हातात दिली आणि हे सगळे सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. आधी जुन्या थंड पट्टीचा एक तुकडा पेटवून त्यावर काच धरली. ती निळसर दिसली. मग नव्या रिळाला कात्री लावून तीन दाणे तोडले, तारा जोडल्या आणि माडीवरचा दिवा मालवायला सांगितला.

खाली आई पणत्यांना तेल घालत होती. तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या. दादाने ते तीन दाणे पेटवले आणि त्यांच्यापुढे काच धरली. त्याच्या बोटांवर, मनगटावर तो रंग सांडला.

"हिरवी आहे," दादा म्हणाला.

मग बराच वेळ आम्ही दिवा लावला नाही.